दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

समजा सिडनीहून सकाळी ९ ला विमान निघतं आणि पर्थला ११ ला पोचतं. तिकीट बघून वाटतं दोन तासांचा प्रवास आहे. येताना पर्थहून दुपारी १२ ला निघतं आणि सिडनीला संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पोचतं, म्हणजे सात तास! अंतर दोन्ही वेळेला तेवढंच, साधारण ३,२८० किमी, विमानही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्यात असली टायमिंग दिसतात आणि पहिल्यांदा बघणारा माणूस गोंधळतोच. प्रत्यक्षात जाताना पाच तास लागतात आणि येताना चारच्या थोडं वर, बाकीचा सगळा खेळ घड्याळाचा.

म्हणजे अंतर हा एकच आकडा असतो पण वेळ मात्र तीन-चार प्रकारची असते. हवेतली वेळ वेगळी, तिकिटावरची वेगळी, घड्याळातली वेगळी आणि घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंतची तर अजूनच वेगळी. लोक यातली एक घेतात आणि दुसरीच्या जागी वापरतात, मग कनेक्शन, म्हणजे पुढचं विमान, चुकतं नाहीतर घ्यायला येणारा माणूस चुकीच्या दिवशी येऊन उभा राहतो. मी हे सगळं दोन-तीन लांबच्या प्रवासांत एकेक करून शिकले, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

आधी हे जवळ घेऊन बसा

- तिकिटाची प्रत. अजून काढलं नसेल तर विमान कंपनीच्या साइटवरचं टाइमटेबल
- दोन्ही एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड
- ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट, किंवा गूगल अर्थमधली मोजपट्टी
- दोन्ही शहरांचा यूटीसीपासूनचा फरक (यूटीसी म्हणजे जिच्यापासून जगभरची घड्याळं मोजतात ती वेळ), तोही प्रवासाच्या तारखेचा, आजचा नाही
- वही-पेन. हो, खरंच, हा हिशोब तोंडी करू नका

१. शहर नाही, एअरपोर्ट पक्का करा

पहिली चूक इथेच होते. "लंडन ते न्यूयॉर्क" असं काही नसतंच, कारण लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे बरेच एअरपोर्ट आहेत आणि न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या न्यू जर्सीतलं नेवार्क. हवेतल्या अंतरात यामुळे फार फरक पडत नाही, पण जमिनीवरच्या वेळेत खूप पडतो. टोकियोचं हानेदा शहराच्या मध्यापासून साधारण १५ किमीवर आहे आणि नारिता साधारण ६० किमीवर. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून नारिताचं घेतलं आणि पुढची फ्लाइट हानेदाहून असेल तर दोन एअरपोर्टच्या मधला प्रवास तुमच्या डोक्यावर.

दुसरं म्हणजे एकाच नावाची शहरं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले लोक खरोखर कॅनडातल्या सिडनीला जाऊन पोचलेले आहेत. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच. म्हणून कुठल्याही साइटवर शहराचं नाव टाइप करून पहिलं जे येईल त्यावर क्लिक करू नका, कोड बघा आणि देशाचं नाव बघा. कोड मात्र प्रत्येक एअरपोर्टचा वेगळाच असतो, त्यात गफलत होत नाही.

२. अंतर काढा, पण नकाशावर पट्टी ठेवून नाही

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. त्यामुळे नकाशावर जी सरळ रेघ दिसते तो जवळचा रस्ता नसतो. घरात चेंडू किंवा पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांवर बोट ठेवून मधे दोरा ताणून बघा. दोरा ताणला की तो आपोआप सरकून जवळच्या वाटेवर येतो, त्यालाच ग्रेट सर्कल म्हणतात.

माद्रिद आणि न्यूयॉर्क दोन्ही जवळपास ४०-४१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नकाशा बघितला तर वाटतं की नाकासमोर सरळ पश्चिमेला जायचं. तसं अक्षांशाच्या रेघेवरून गेलात तर साधारण ५,९४० किमी होतात, आणि ग्रेट सर्कलने साधारण ५,७६०, म्हणजे पावणेदोनशे किमी कमी, आणि ती वाट मधे कुठेतरी ४६ अंशांपर्यंत उत्तरेला चढते. न्यूयॉर्क ते हाँगकाँगचं तर विचारूच नका, साधारण १३,००० किमीची ती जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाजवळून जाते. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान वळसा घालून चाललंय असं दिसलं तर घाबरू नका, तो वळसा नाहीये, नकाशा वाकडा आहे.

साइटवर दोन कोड टाकले की अंतर लगेच मिळतं. तरी मिळालेलं उत्तर बरोबर आहे का हे ओळखायला हाताशी दोन गोष्टी ठेवा.

एक, दोन शहरं साधारण एकाखाली एक असतील तर अक्षांशांचा फरक काढा आणि १११ ने गुणा. कैरो ३० अंश उत्तरेला, जोहान्सबर्ग २६ अंश दक्षिणेला, रेखांश जवळजवळ सारखेच. ३० आणि २६ मिळून ५६, गुणिले १११, आले ६,२१६ किमी. खरं अंतर ६,२६० च्या आसपास आहे. वहीवरच्या हिशोबाला एवढं पुरे. इथे एक सांभाळा, एक शहर विषुववृत्ताच्या वर आणि दुसरं खाली असेल तर बेरीज करायची, वजाबाकी नाही. पूर्व-पश्चिमेला मात्र हा १११ चालत नाही, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, ६० अंशांवर तर तो निम्माच राहतो.

दोन, पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी आहे, म्हणजे जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं जवळचं अंतर २०,००० च्या फार वर जाऊच शकत नाही. तुमचं उत्तर २४,००० आलं असेल तर कुठेतरी हिशोब चुकलाय. पश्चिमेचे रेखांश आणि दक्षिणेचे अक्षांश वजा चिन्हाने लिहायचे असतात, तेही राहिलेलं नाही ना ते बघा. एक्सेलमध्ये हॅवरसाइनचं (म्हणजे गोलावरचं अंतर काढायचं) सूत्र घालून स्वतः काढणारे असाल तर अंशांचं रेडियन करायला विसरू नका आणि त्रिज्या ६,३७१ किमी घ्या.

आणि हो, हे अंतर म्हणजे कमीत कमी. प्रत्यक्ष विमान याच्यापेक्षा थोडं जास्तच उडतं, कारण ठरलेले हवाई मार्ग, वादळं, उतरायच्या आधीच्या घिरट्या. कधी कधी तर खूपच जास्त. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर साधारण ७,८०० किमी आहे आणि पूर्वी रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास पोचायचे. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर युरोपातल्या बहुतेक कंपन्यांना रशियाची हद्द बंद झाली आणि तोच प्रवास साधारण १३ तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागीच आहेत, एक किमीही हललेली नाहीत. म्हणून जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली वेळ आजच्या प्रवासाला लावू नका.

३. किमी, मैल की नॉटिकल मैल ते बघा

हे पटकन. १ मैल म्हणजे १.६०९ किमी, १ नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १.८५२ किमी. हीथ्रो ते जेएफके ५,५४० किमी, तेच ३,४४० मैल आणि तेच २,९९० नॉटिकल मैल. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, माइल्स पॉइंट देणाऱ्या कंपन्या साध्या मैलात, आणि आपण किमीत. एखाद्या साइटवर २,९९० वाचून तुम्ही ते किमी समजलात तर वेळ जवळपास निम्मी येणार. आकड्याच्या शेजारी काय लिहिलंय ते बघा एवढंच.

४. अंतरावरून वेळेचा अंदाज

मोठं विमान म्हणजे बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० साधारण ताशी ९०० किमीने जातं. लहान जेट, म्हणजे ए३२० किंवा बोइंग ७३७, साधारण ८३० ने. पंखेवालं एटीआर ७२ साधारण ५०० ने. पण हा वेग वर पोचल्यावरचा. चढायला आणि उतरायला वेळ जातो, तेव्हा वेग कमी असतो, शिवाय जमिनीवर रनवेपर्यंत रांगत जायचं असतं.

म्हणून माझा ठोकताळा असा: किमीला ८५० ने भागा आणि वर ४० मिनिटं टाका. छोट्या अंतराला ८०० ने भागा.

सिडनी ते मेलबर्न साधारण ७०५ किमी. ८०० ने भागले तर ५३ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे १ तास ३३ मिनिटं. टाइमटेबलमध्ये तेवढंच आसपास दिसतं. लंडन हीथ्रो ते पॅरिसचं चार्ल्स द गॉल ३५० किमीसुद्धा नाही, भागाकार केला तर २६ मिनिटं येतात, पण तिकिटावर तास-सव्वा तासाच्या वर असतं. म्हणजे जवळच्या प्रवासात अंतरापेक्षा वरची मिनिटंच जास्त, आणि सिंगापूर ते न्यूयॉर्कसारख्या १५,३०० किमीच्या वरच्या प्रवासात, जिथे १८ तासांहून जास्त बसून राहायचं असतं, तिथे ती ४० मिनिटं कुठे गेली कळतही नाही. अंतर दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट असं जे लोक धरतात ते जवळच्या प्रवासाला म्हणूनच फसतं.

आता मघाचं कैरो-जोहान्सबर्ग घ्या, ६,२६० भागिले ८५०, साधारण ७ तास २० मिनिटं, अधिक ४०, बरोबर ८ तास. टाइमटेबलमध्येही आठाच्या आसपासच. उत्तर-दक्षिण प्रवासात हा ठोकताळा छान चालतो, पूर्व-पश्चिमेला मात्र पुढची पायरी वाचल्याशिवाय वापरू नका.

५. वारा. याच्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि विमानंही त्याच उंचीवर उडतात. पूर्वेला जाताना वारा पाठीमागून ढकलतो, पश्चिमेला जाताना समोरून अडवतो. हिवाळ्यात याचा जोर वाढतो. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना म्हणूनच आठ तासांच्या आसपास दाखवतात आणि येताना सातच्या. २०२० च्या फेब्रुवारीत वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. साधं प्रवासी विमान, नेहमीचा रस्ता, आणि नेहमीपेक्षा तासाहून जास्त लवकर.

बरेच जण म्हणतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला उडालं की खालची जमीन आपल्याकडे येते आणि लवकर पोचायला हवं. तसं होत नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो जमिनीच्या मानाने हवा किती वाहतेय त्याचा.

अजून एक चुकीची समजूत म्हणजे जाताना जेवढा वेळ जास्त गेला तेवढा येताना वाचतो आणि फिटंफाट होते. होत नाही. ३,६०० किमी अंतर धरा आणि ९०० चा वेग. वारा नसेल तर जाऊन-येऊन ८ तास. ताशी १०० किमीचा वारा असेल तर जाताना ८०० ने साडेचार तास, येताना १,००० ने ३ तास ३६ मिनिटं, एकूण ८ तास ६ मिनिटं. सहा मिनिटं वाढलीच. वारा अडवतो तेव्हा जास्त वेळ अडवतो म्हणून.

तुम्हाला करायचं एवढंच की जातानाची आणि येतानाची वेळ वेगवेगळी शोधा. एकीवरून दुसरी काढू नका. लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासाला माझ्या अंदाजात अर्धा ते एक तास इकडेतिकडे करा.

६. तिकिटावर लिहिलेली वेळ म्हणजे नेमकी कुठली

निघण्याची वेळ म्हणजे टेकऑफची वेळ नाही, विमान गेटवरून मागे सरकतं ती वेळ. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नाही, गेटला येऊन थांबलं ती. या दोन्हीच्या मधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात आणि टाइमटेबल याच्यावरच बनतं. गर्दीच्या एअरपोर्टवर नुसतं रनवेपर्यंत जायला २०-२५ मिनिटं सहज जातात. शिवाय कंपन्या वेळेवर पोचलो असं दाखवता यावं म्हणून थोडी मिनिटं जास्तीची धरतात. पायलटने "आज आपण २० मिनिटं लवकर पोचतोय" असं सांगितलं की बहुतेक वेळा ती हीच राखून ठेवलेली मिनिटं असतात.

खरी वेळ बघायची असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांच्या ट्रॅकर साइटवर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ती कधी निघाली, कधी उतरली, हवेत किती वेळ होती सगळं दिसतं. मी पाच-सात दिवसांचे आकडे वहीत उतरवून घेते. एखादी फ्लाइट रोजच तासभर उशिरा निघत असेल तर तिथेच कळतं, आणि मग पुढचं कनेक्शन त्या हिशोबाने घेता येतं.

७. घड्याळाची वजाबाकी

इथे घाई करू नका. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या शहराची. दोन्ही थेट वजा केल्या की चुकलंच. माझी पद्धत अशी आहे:

क) निघायची वेळ यूटीसीत आणा. शहर यूटीसीच्या पुढे असेल तर तेवढे तास वजा, मागे असेल तर मिळवा.
ख) त्यात प्रवासाचे तास मिळवा.
ग) आता पोचायच्या शहराचा फरक लावा. इथे उलटं, पुढे असेल तर मिळवा, मागे असेल तर वजा.

टोकियोहून लॉस एंजेलिसचं उदाहरण घेऊ, साधारण ८,८०० किमी. हिवाळा आहे, टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, लॉस एंजेलिस ८ तास मागे. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात, म्हणजे यूटीसी सकाळचे ८. दहा तास प्रवास, म्हणजे यूटीसी संध्याकाळचे ६. त्यातून ८ वजा, सकाळचे १०, आणि तारीख तीच! निघालात त्याच दिवशी निघायच्या सात तास "आधी" उतरलात, कारण मधे तारीखरेषा ओलांडली. येताना सकाळी ११ ला निघालात तर यूटीसी संध्याकाळचे ७, वाऱ्यामुळे आता १२ तास धरा, दुसऱ्या दिवशी यूटीसी सकाळचे ७, अधिक ९, दुपारचे ४, पण दुसऱ्या दिवशीचे. वहीवर एकदा करून बघा, नुसतं वाचून बसत नाही डोक्यात.

आता यातले सापळे.

पहिला, उन्हाळी वेळ. काही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, काही करत नाहीत, आणि करणारेही एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कचा फरक एरवी ५ तास असतो पण मार्चमधले दोन-तीन आठवडे तो ४ असतो. तसंच शरद ऋतूत, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. पर्थमध्ये घड्याळ बदलतच नाही, सिडनीत बदलतं, म्हणून त्यांच्यातला फरक कधी २ तास कधी ३. वर यादीत "प्रवासाच्या तारखेचा फरक" असं लिहिलंय ते यासाठी.

दुसरा, सगळे फरक पूर्ण तासाचे नसतात. भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास पुढे. हिशोबात ती ३० किंवा ४५ मिनिटं गळतात.

तिसरा, तिकिटावरचा तो बारीक "+१". पोचायच्या वेळेशेजारी लहान अक्षरात असतो, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी पोचणार. हॉटेलचं बुकिंग करताना, कुणाला घ्यायला बोलावताना आधी तो शोधा.

चौथा सापळा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. मध्यरात्रीनंतरची फ्लाइट. आईचा एकटीने पहिलाच विमानप्रवास होता. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००:२०. आम्ही सगळ्यांनी "१४ तारखेला रात्री" असं धरलं, आईने कॅलेंडरवर १४ भोवती लाल पेनने गोल केला होता. १३ च्या सकाळी तिचा फोन हातात घेतला तर रात्री साडेबाराच्या सुमाराला आलेला मेसेज पडलेला, चेक-इन सुरू झालंय म्हणून. चोवीस तास आधी येणारा मेसेज एक दिवस लवकर कसा आला म्हणून तिकीट परत काढून बघितलं, आणि माझे हातपाय गार पडले. १४ तारखेचे ००:२० म्हणजे १३ तारीख संपून वीस मिनिटं. म्हणजे आज रात्रीच! बॅग अर्धी भरलेली, औषधं आणायची बाकी, धाकटी मावशी निरोप द्यायला दुसऱ्या दिवशी येणार होती. आई गेली नीट, पण तो दिवस मी विसरत नाही. तेव्हापासून ००:०० ते ०४:०० मधली कुठलीही फ्लाइट असली की मी कॅलेंडरवर फ्लाइटची तारीख लिहीतच नाही, "घरातून निघायचं" असं आदल्या दिवशीच्या चौकटीत लिहिते. तुम्हीही तसंच करा.

८. मधे थांबा असेल तर

आधी शब्द समजून घ्या. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मधे उतरू शकतं. लोक दोन्ही एकच समजतात आणि तीन तास कुठल्यातरी तिसऱ्याच एअरपोर्टवर बसावं लागतं.

थांबा असेल तर अंतर प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढून बेरीज करा, आणि वेळेत प्रत्येक टप्पा अधिक मधला लेओव्हर, म्हणजे थांब्याचा वेळ. लेओव्हरची वजाबाकी मात्र सोपी, दोन्ही वेळा त्याच एअरपोर्टच्या असतात म्हणून थेट वजा करा, फक्त तारीख बघा.

किती वेळ पुरेल हे तिकीट कसं काढलंय त्यावर आहे. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असतील तर पहिली फ्लाइट उशिरा झाल्यावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, आणि बॅगाही बहुतेक वेळा शेवटपर्यंत जातात. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर कुणाचीच जबाबदारी नाही, बॅग घेऊन बाहेर या, परत चेक-इन करा, परत सिक्युरिटी. मी स्वतः वेगळ्या तिकिटांवर चार तासांपेक्षा कमी ठेवत नाही, आणि त्या दिवसाची ती शेवटची फ्लाइट असेल तर घेतच नाही. थोडे पैसे वाचतात पण जीव टांगणीला लागतो.

अमेरिकेतून पुढे दुसऱ्या देशात जाणार असाल तरी इमिग्रेशन करावं लागतं, व्हिसा किंवा ईएसटीए (काही देशांच्या लोकांना व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) लागतोच, आणि बहुतेक वेळा बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचा लेओव्हर कागदावर छान दिसतो, रांगेत उभं राहिल्यावर नाही.

९. घरापासून मुक्कामापर्यंत

आता सगळं एका रेघेवर मांडा. घर ते एअरपोर्ट, आंतरराष्ट्रीय असेल तर तीन तास आधी आणि देशातल्या देशात असेल तर दोन तास आधी, मग ब्लॉक टाइम, मग उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून एक ते दीड तास, मग एअरपोर्ट ते मुक्काम. सव्वा तासाची फ्लाइट असली तरी सगळं मिळून पाच-सहा तास होतात. त्यामुळे तीनशे-चारशे किमीसाठी चांगली रेल्वे असेल तर आधी तिचं टाइमटेबल बघा, बऱ्याच वेळा ती आधी पोचवते आणि शहराच्या मध्यात पोचवते.

उतरल्याच्या दिवशी महत्त्वाचं काही काम ठेवू नका. पूर्वेकडे जाताना झोपेचं गणित जास्त बिघडतं, कारण लवकर झोपायला शरीर पटकन तयार होत नाही, जागं राहणं त्यामानाने सोपं जातं.

कागदपत्रं, एकदा मोजून घ्या

- पासपोर्ट. बरेच देश प्रवासानंतर सहा महिने मुदत शिल्लक मागतात
- व्हिसा, आणि मधे थांबा असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघून ठेवा
- तिकीट, जाण्याचं आणि परतीचं, छापील प्रत. फोन बंद पडतो
- मुक्कामाचा पत्ता, इमिग्रेशनला विचारतात
- तुमच्या वहीतलं ते पान, ज्यावर प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही शहरांच्या वेळा लिहिल्यात

१०. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी वेळ बदलली नाही ना ते कंपनीच्या ॲपवर बघा, टर्मिनलसुद्धा. त्या दिवशी निघायच्या दोन-तीन तास आधी ट्रॅकरवर बघा की तुमच्यासाठीचं विमान आत्ता कुठे आहे. ते अजून दुसऱ्याच शहरात उभं असेल आणि बोर्डावर मात्र "वेळेवर" लिहिलेलं असेल, तर उशीर होणार हे तुम्हाला घोषणेच्या आधी कळतं. पण म्हणून घरी थांबू नका, कधी कधी विमान बदलतात.

आणि जो कुणी घ्यायला येणार आहे त्याला नुसतं "संध्याकाळी पोचतोय" असं कळवू नका. फ्लाइट नंबर, ती प्रत्यक्ष कुठली कंपनी उडवतेय, एअरपोर्टचा कोड, टर्मिनल, आणि पोचायची तारीख-वार-वेळ त्याच्या शहराच्या घड्याळाप्रमाणे, एवढं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा. वार जरूर लिहा. तारीख वाचताना नजर घसरते, "शुक्रवार पहाट" वाचलं की माणूस थांबून विचार करतो.